खाडीचं पाणी वर सरकतंय का? काठावरच्या रोपांवरून ओळखणं

काजळा (कोथरूड):

विहिरींच्या धाग्यावर मचूळ पाण्याचा विषय निघाला आणि त्यात मोटार, बोअर, ग्रामपंचायत सगळं एकत्र कालवलं गेलं, म्हणून हा वेगळा धागा. पुण्यात नोकरी आणि ताम्हिणीखाली वाडी, असे दोन डगरींवर पाय ठेवून असलेले इथे बरेच आहेत. मुख्यतः त्यांच्यासाठी.

प्रश्न असा: खाडीला मिळणारा आपला व्हाळ (ओढा) किंवा नदी पूर्वीपेक्षा खारी झाली आहे का, हे ओळखायचं कसं? मीटर बुडवून मोजावं असं कुणीही म्हणेल. पण खाडीचं पाणी तासातासाला बदलतं. भरतीला वेगळं, ओहोटीला वेगळं, अमावास्येच्या उधाणाला वेगळं, अष्टमीच्या भांगेला वेगळं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, गोड्या नदीत अर्ध्या ग्रॅमहून कमी. खाडीतली एकच जागा जुलैत गोड्या टोकाला असते आणि मेमध्ये खाऱ्या टोकाकडे गेलेली असते. त्यातून खारं पाणी जड. ते तळाने आत घुसतं आणि गोडं वरून वाहत राहतं. वरच्यावर बादली बुडवली तर पाणी गोडसर लागतं, आणि पुरुषभर खाली समुद्र असतो.

झाडाला हलता येत नाही. मुळं बारा महिने त्याच चिखलात. मे सोसला तरच पुढचा पावसाळा दिसणार.

मुखाकडून वर चालत गेलात तर साधारण असं दिसेल. मोकळ्या चिखलात पांढरी चिप्पी (२०२० पासून हा आपला राज्य कांदळवन वृक्ष) आणि कमानदार आधारमुळांचा कांदळ. तिवर तर सगळीकडेच. ती इतकी सोशिक आहे की एकट्या तिच्यावरून काही ठरवू नये. मीठ फुटून पांढऱ्या पडलेल्या जमिनीतही ती जगते, फक्त खुरटते. अशा उघड्या खारट पट्ट्यांवर तिच्या सोबतीला मोरस आणि बुटकं खारं गवत. वर सरकलं की काजळा आणि मारंडी वाढायला लागतात. मारंडी म्हणजे ती काटेरी पानांची, निळ्या-जांभळ्या फुलांची. फुंगळी, काही भागांत जिला गेवा म्हणतात, तीही याच टापूत. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. मग खाडीतलं मोठं नेचं, केवडा, भेंड, करंज. त्यानंतर निवर. तिची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी पाण्यावर सडा पडलेला असतो. आणि जिथे खडक लागून बारमाही गोडं पाणी खळाळतं तिथे शेरणी. शेरणीची जाळी दिसली की इथवर भरतीचं मीठ येत नाही, असं मी बिनधास्त मानतो.

हा क्रम थोडाफार सगळ्यांना माहीत असतो. लोक फसतात ते पुढे. व्हाळाकाठी जुनी निवर उभी दिसली की आपण म्हणतो, पाणी गोडं आहे. ती निवर आजोबांच्या काळातल्या पाण्यावर वाढलेली असते. खोल मुळं आणि जुनं खोड यांच्या जोरावर मोठं झाड बिघडलेल्या पाण्यातही कित्येक वर्षं काढतं. आजच्या पाण्याबद्दल बोलतं ते तिच्या पायाशी उगवलेलं रोप. म्हणून मान वर करून बघायचं नाही, गुडघ्याखाली बघायचं. जुन्या निवरीखाली निवरीचीच पोरं आहेत का? की खाली मारंडी आणि तिवरीची रोपं आणि वर एकटी म्हातारी? दुसरं चित्र दिसलं तर पाणी बदलून काही वर्षं झालेली असतात.

इथेही दोन खाचखळगे आहेत. पावसाळ्यात उगवलेलं रोप काहीच सांगत नाही, कारण तेव्हा सगळंच गोडं असतं. बघायचं ते मे ओलांडून उभं राहिलेलं. दुसरं म्हणजे कांदळाचं रोप झाडावरच रुजून लांबच लांब होतं, मग गळून भरतीबरोबर कुठेही जाऊन अडकतं. स्वतःच्या साठ्यावर ते महिनोन्महिने हिरवं राहतं. अशी दोन पानांची काठी दिसली म्हणून खाडी वर आली असं म्हणू नये. खोड टणक झालेलं, फांदी फुटलेली असेल तर मोजा.

बाकीच्यांचे अनुभव लिहा. फोटो टाकलेत तर ठिकाण आणि महिना नक्की टाका.

---

पेठेतला (सदाशिव पेठ):

लेख उत्तम. आमच्याकडे पाण्याचा प्रकार एकच, महापालिकेचं, तेही आलं तर. पण एक शंका. पाणी शुद्धीकरणाच्या यंत्राबरोबर मिळालेला पेनासारखा टीडीएस मीटर घरात पडून आहे. तो घेऊन खाडीवर गेलो तर चालेल का, की झुडपांपुढे हात जोडून उभं राहायचं?

---

काजळा:

चालेल, पण तो स्वस्तातला मीटर सहसा ९९९० च्या (लिटरला मिलिग्रॅम) पुढे आकडा दाखवत नाही आणि समुद्राचं पाणी ३५ हजारांच्या घरात. खाडीत तो लगेच हात टेकतो. विहिरीसाठी मात्र कामाचा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत योग्य धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. दर महिन्याला एकाच तिथीला, एकाच वेळी, उपसा सुरू करण्याआधी मोजा आणि भिंतीवर लिहून ठेवा.

आणि हा मीटर सगळेच विरघळलेले क्षार मोजतो. मुठेत संगमापाशी बुडवलात तरी आकडा चढलेला दिसेल, तो सांडपाण्याचा. मुठेला समुद्र लागलाय असा नवा धागा काढू नका.

---

पेठेतला:

धाग्याचं शीर्षक सुचवल्याबद्दल आभार.

---

रोहेकर (रोहा, सध्या वारजे):

काजळाभाऊ, कांदळाच्या काठीबद्दल लिहिलंत ते अगदी बरोबर. आमच्याकडे उधाणानंतर बांधावर अशा काठ्यांचा खच पडतो.

मी खारभूमीबद्दल लिहितो, कारण झाडांचा क्रम बदलण्याचं आमच्या भागातलं पहिलं कारण समुद्र नाही, फुटलेला बांध आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाडीकाठच्या शेताला मातीचा बांध घालतात आणि त्यात उघाडी बसवतात. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते आणि खारं पाणी आत येत नाही. पावसाळ्यात मीठ धुऊन जातं, भात होतं. भात कापलं की जमीन तापते, खालचं मीठ ओलीबरोबर वर चढतं आणि मार्चपर्यंत शेत पांढरं पडतं. हे सगळं सांभाळायला १९४८ मध्ये खारभूमीचा कायदा झाला, नंतर १९७९ मध्ये नवा आला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणारी भातंही काढली, पनवेल १, २ आणि ३.

आता झाडांचं. बांध धड असून उघाडी गाळाने बुजली तर आत गोडं पाणी तुंबतं आणि पाणकणीस माजतं. माणूसभर उंच, आत शिरता येत नाही. लोक म्हणतात, शेत वाया गेलं. पण ते पाणकणीस म्हणजे आत गोडं पाणी असल्याची खूण. पुढे उधाणात बांध फुटला की एका उन्हाळ्यात ते सगळं वाळून तपकिरी होतं आणि पुढच्या वर्षी मोकळ्या जागेत तिवरीची रोपं दिसायला लागतात. आमच्या शेजारच्या खारीत हेच झालं. वरच्या बाजूच्या एका बंगलेवाल्याने बोट लावायला बांध फोडला, परत बुजवला नाही. आता तिथे तिवर वाढली आहे आणि कांदळवन म्हणून ती तोडताही येत नाही. शेतकऱ्याचं शेत कायमचं गेलं.

---

निर्गुडी (औंध):

रोहेकर, तुमच्या शेवटच्या वाक्यातला राग समजतो. पण धागा वाचून कुणी कोयता घेऊन निघू नये म्हणून लिहिते: मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरातली कांदळवनांची तोड थांबवण्याचा आदेश दिला आहे. खाजगी जमिनीतलीसुद्धा. नमुना म्हणून रोप उपटू नका. फोटो काढा.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे, त्यामुळे थोडी खुसपटं काढण्याची सवय आहे. काजळांचा रोपांचा मुद्दा मान्य. पण 'मारंडी वाढली म्हणजे पाणी बदललं' हे वाक्य एकटं सोडू नये. मारंडी उजेडाची भुकेली आहे. वरची तिवर जळणासाठी तोडली की थोड्याच काळात खाली मारंडीचं रान होतं, पाणी होतं तसंच राहून. खाडीतल्या मोठ्या नेच्याचंही तेच. म्हणून आधी आजूबाजूला बुंधे बघा. कोयत्याचे घाव असतील तर मीठाची गोष्ट नंतर. गाळ साचून जमीन उंच झाली तरी क्रम बदलतो, कारण भरतीचं पाणी तिथे कमी वेळ थांबतं. म्हशी चरतात तिथे रोपं उरतच नाहीत. एका जातीवरून निष्कर्ष काढू नका. पाच-सहा जाती एकाच दिशेला सरकलेल्या दिसल्या पाहिजेत.

आणि मीठ सोसण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात, हेही लक्षात असू द्या. कांदळ मुळाशीच बहुतेक मीठ गाळतो. तिवर, काजळा आणि मारंडी मीठ आत घेतात आणि पानांतून बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत पानावर ते कण चमकतात, पाऊस पडला की धुऊन जातात. मोरस पानात पाणी साठवून मीठ पातळ करते. मोरसीची पानं जिथे जास्त गुबगुबीत आणि लालसर, तिथे सहसा जास्त मीठ. ही खूण रोपांपेक्षा लवकर बदलते, एका हंगामातसुद्धा.

---

पेठेतला:

म्हणजे तिवरीचं पान चाटून बघायचं का?

---

निर्गुडी:

स्वच्छ खाडी असेल तर चाटा. कारखान्यांच्या खालच्या अंगाला असाल तर नका. फुंगळीचं तर कुठेच नका.

---

अकोलेकर (हडपसर):

आमच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातही असंच आहे का? अकोला, अमरावती, बुलढाणा, सगळीकडे विहिरी खाऱ्या. समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब.

---

काजळा:

ते मीठ वेगळ्या वाटेने आलेलं. तिथल्या जाड गाळाच्या मातीत आणि खालच्या पाण्यात क्षार आहेत, निचरा कमी. भरती-ओहोटीचा संबंध नाही, त्यामुळे हा झाडांचा क्रम तिथे लागू होत नाही. आपल्या नीरा कालव्याखालच्या चोपण जमिनीही त्याच जातीच्या, जास्त पाणी दिल्यामुळे मीठ वर आलेल्या. स्वतंत्र धागा काढा, वाचायला आवडेल.

---

मुठाकाठ (नारायण पेठ):

मला एक सांगा, पुण्याचं पाणी वाढवण्यासाठी मुळशीचं पाणी पूर्वेकडे वळवावं अशी मागणी अधूनमधून होते. मला ती पटते. मुळा नदी आपली, धरण आपल्या जिल्ह्यात, आणि पाणी जातं घाट उतरून. कोकणात पाऊस काय कमी पडतो? त्याचा या खाऱ्या-गोड्याशी संबंध आहे का?

---

काजळा:

संबंध थेट आहे, आणि खरं तर याच कारणाने मला हा विषय लागला.

मुळशी धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलं. १९२१ चा सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्याच धरणाविरुद्ध. पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाटाखाली भिऱ्याला उतरतं, तिथलं वीजघर १९२७ चं, आणि तिथून ते कुंडलिकेत जातं. डोलवहाळच्या बंधाऱ्यावर त्यातलं काही सिंचनाला वळतं, पुढे रोह्याची औद्योगिक वसाहत, आणि उरलेलं रेवदंड्याला समुद्रात. कोलाडला लोक राफ्टिंगला जातात ते याच सोडलेल्या पाण्यावर. सकाळी वीजघर चालू असतं म्हणून सकाळी बोटी.

कोकणात पाऊस भरपूर पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. सह्याद्रीपासून समुद्र इतका जवळ की पाणी धावत जाऊन मिळतं. ताम्हिणीच्या उताराच्या लहान नद्या फेब्रुवारीत डबक्यांवर येतात. कुंडलिका मात्र मे महिन्यातही वाहते, ती भिऱ्यामुळे. याचा अर्थ तिच्या खाडीची वरची बाजू जवळजवळ शंभर वर्षं उन्हाळ्यातही गोड्या पाण्याने ढकलली जात आहे. तिथल्या काठावरची निवर, करंज, केवडा, सगळी पिढी त्या पाण्यावर वाढली. वाशिष्ठीची गोष्टही तीच. कोयनेचं पाणी पोफळी, कोळकेवाडी करत चिपळूणला उतरतं. कृष्णेच्या पाण्याचं राज्यांत वाटप करणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) मान्य केलं आहे. शेजारी असूनही ज्या नद्यांना असं वरचं पाणी मिळत नाही, त्यांच्या खाडीत उन्हाळ्यात मीठ बरंच आत जातं.

आता मुळशीचं पाणी पुण्याकडे वळलं तर कुंडलिकेच्या खाडीत खारं पाणी वर सरकणार, यात मला शंका नाही. किती सरकेल ते खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रासारखी संस्था गणिताने काढू शकते. संस्था १९१६ ची, आणि तिचं कामच पाण्याची प्रतिरूपं करण्याचं आहे. झाडांच्या बाजूने काय होईल ते मी सांगतो: मोठी झाडं तशीच उभी राहतील आणि फोटोत काठ हिरवागार दिसेल. त्यावर 'काही फरक पडला नाही' असा अहवालही होईल. रोपं मोजली तर पहिल्याच दोन-तीन उन्हाळ्यांत कळेल.

पुण्याला पाणी नको असं मी म्हणत नाही. मीही कोथरूडमध्ये टँकरच मागवतो. पण कुंडलिकेच्या काठची आजची रोपं आत्ताच नोंदवून ठेवावीत. नंतर भांडायला कागद लागेल.

---

मुठाकाठ:

पटलं नाही पूर्ण. तीस-चाळीस लाख माणसांसमोर निवरीची रोपं ठेवणं मला जरा जास्त वाटतं.

---

रोहेकर:

रोपांमागे विहिरी आहेत, मुठाकाठ. आणि विहिरींमागे आम्ही. बाकी तुमचं चालू द्या.

---

निर्गुडी:

जुनी नोंद हवी असेल तर लांब जायला नको. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यातच आहे, १९५५ पासून. तिथल्या संग्रहात वाळवलेल्या नमुन्यांवर ठिकाण आणि तारीख लिहिलेली असते. एखाद्या खाडीच्या कुठल्या टोकाला पूर्वी निवर किंवा काजळा गोळा केला होता, त्याची आजच्या जागेशी तुलना करता येते. फक्त लक्षात ठेवा, नमुना गोळा करणारा माणूस रस्त्याने आणि होडीने जिथे पोचला तिथलाच असतो. नमुना नाही म्हणजे झाड नव्हतं, असं नाही.

---

सुपारीवाली (कर्वेनगर):

मी फक्त वाचत होते, पण राहवलं नाही. आमची वाडी चौलजवळ. सासूबाई एकट्या असतात तिथे. नारळ ठीक आहेत, सुपारीच्या झावळ्यांची टोकं मात्र मागच्या दोन उन्हाळ्यांपासून जळल्यासारखी होतात. दिराने गेल्या वर्षी बोअर मारली, विहिरीजवळच. गडी म्हणतो खत कमी पडलं. विहिरीचं पाणी चवीला फार वाईट नाही. झाडांवरून काही कळेल का?

---

काजळा:

ताई, तुमच्या सुपारीनेच सांगितलं आहे. नारळ मीठ बरंच सोसतो, सुपारी सोसत नाही. दोन्ही शेजारी असताना एकीची टोकं जळणं आणि दुसऱ्याचं काही न बिघडणं, ही मीठाची नेहमीची खूण. नत्र कमी पडलं तर पान सगळं पिवळं पडतं, सहसा जुन्यापासून. टोकाकडून कडेने जळत येणं वेगळं.

बोअरबद्दल. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जेवढी, तिच्या साधारण चाळीसपट खोल त्याचा थर खाली जातो. हिशोब उलटा लावा: उपशाने पातळी एक फूट उतरली तर खालचं खारं तत्त्वतः चाळीस फूट वर यायला बघतं. उथळ विहीर वरचं गोडं पाणी हळूहळू घेते, खोल बोअर थेट खालच्याला हात घालते. आधी हे करा: बोअर महिनाभर बंद ठेवा, विहिरीचा उपसा थोडा-थोडा, दिवसातून दोनदा विभागून. दोन्हींचं पाणी तपासून घ्या, विशेषतः क्लोराइड. लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत पिण्याला योग्य मानतात.

वाडीच्या कुंपणाकडेही बघा. व्हाळाच्या बाजूला मोरस किंवा खारं गवत नव्याने आलेलं दिसतंय का? ते असेल तर मीठ जमिनीवरूनही येतंय, म्हणजे बांधाचा किंवा उघाडीचा प्रश्न. कुंपण पूर्वीसारखंच असेल आणि फक्त सुपारी जळत असेल, तर मीठ पंपातून येतंय.

---

सुपारीवाली:

सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कुंपणाला काही नवीन नाही, पण बोअरचं पाणी चहाला चालत नाही हे त्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, कुणी ऐकलं नाही. दिराला धागा पाठवलाय.

---

पेठेतला:

सासूबाईंना इथे सभासद करून घ्या. मीटर विकून टाकतो.

---

रोहेकर:

काजळाभाऊ, रोपं नोंदवायची म्हणालात ते मनावर घ्या. वैशाखात पाऊस यायच्या आधी या, ओहोटीची वेळ मी सांगतो. डोलवहाळच्या खालपासून रोह्यापर्यंत काठ पायी होतो, पुढे होडी बघावी लागेल. निर्गुडीताई आल्या तर फार बरं, जाती ओळखायला भरवशाचं माणूस हवं. फक्त गाडी रस्त्यावर ठेवा, बांधावर घालू नका. मागे एकाची रुतली होती आणि ओढायला आता गावात बैल कुणाकडे नाहीत.

---

निर्गुडी:

येते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट सगळ्यांनी आणावेत, चपला चिखलात राहतात.